रोजंदारी कामगारांनी संघटना कशी उभी करावी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पहाटे नाक्यावर गाडी थांबते, काच खाली होते, चालक चार बोटे दाखवतो आणि वीस-पंचवीस माणसे दाराकडे धावतात. कोणी आपली हत्यारांची पिशवी आधीच गाडीत टाकतो, कोणी चालकाशी जुनी ओळख काढतो, आणि मागून कोणीतरी ‘कमी द्या, पण मला घ्या’ असे ओरडतो. त्या दिवसाचा रोज, कामाचे तास आणि संध्याकाळी पैसे हातात पडतील की नाही, हे सारे त्या एका मिनिटात जवळजवळ ठरून जाते. रोजंदारी कामगारांची संघटना बांधणे म्हणजे मुख्यतः हे एक मिनिट आपल्या हाती घेणे होय. मजुरी वाढवून मागणे, सुरक्षेची साधने मागणे, बुडवलेले पैसे वसूल करणे ही कामे महत्त्वाची आहेतच. पण कामावर कोणाला घ्यायचे हे जोवर केवळ गाडीतला माणूस ठरवतो, तोवर मिळवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हातची जाऊ शकते.

पुढील सूचना जे स्वतः नाक्यावर उभे राहतात किंवा एजन्सीमार्फत एक-एक दिवसाच्या कामावर जातात त्यांच्यासाठी, आणि त्यांना मदत करू इच्छिणाऱ्यांसाठीही आहेत. कायदे देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे कायद्याचा तपशील आपापल्या ठिकाणी तपासून घ्यावा लागेल; कामाची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

आधी पैशाची साखळी काढा

रोजंदारीची साधारण तीन रूपे असतात. पहिल्यात घरमालक, शेतकरी किंवा छोटा ठेकेदार नाक्यावरून थेट माणूस उचलतो. दुसऱ्यात मुकादम आपली टोळी घेऊन जातो आणि मजुरी त्याच्या हातून वाटली जाते. तिसऱ्यात कामगार पुरवणारी एजन्सी असते; तिच्या कार्यालयात पहाटे नाव नोंदवायचे, तिने सांगितलेल्या गोदामात किंवा कारखान्यात जायचे आणि पगार एजन्सीकडून घ्यायचा. आपण यांपैकी कोणत्या व्यवस्थेत आहोत हे नीट समजल्याशिवाय मागणी कोणाकडे करायची हेच ठरत नाही.

एका कागदावर वरपासून खालपर्यंत नावे लिहा : ज्याचे काम आहे तो मूळ मालक, त्याचा कंत्राटदार, पोटकंत्राटदार, एजन्सी किंवा मुकादम, आणि सर्वांत खाली तुम्ही. प्रत्येक नावापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. पैसे कोणाच्या हातात अडकतात? आणि काम एक दिवस थांबले तर नुकसान कोणाचे होते? ज्याच्याशी रोज भांडण होते त्या मुकादमाचे नाव दोन्ही उत्तरांत अनेकदा येतच नाही, कारण त्याचेही पैसे वर कुठेतरी अडकलेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी मुकादमाला शत्रू ठरवण्याची घाई करू नये. मात्र जो दुसऱ्यांची मजुरी स्वतःच्या हाताने वाटतो, त्याला संघटनेत पदही देऊ नये. तो कितीही भला असला तरी त्याचा हिशेब आणि तुमचा हिशेब एकाच वहीत बसत नाही.

वही

सुरुवातीच्या पहिल्या महिन्यात सभा घेऊ नका, पत्रके वाटू नका, वह्या वाटा. मालकाच्या हजेरीवहीत तुमचे नाव बहुधा नसते, असले तरी ती वही तुम्हाला दाखवली जात नाही. म्हणून तुमची स्वतःची नोंद हाच तुमचा पुरावा. खिशात मावेल अशी छोटी वही आणि तिच्याबरोबर पेन्सिल असावी, कारण पेनाची शाई घामाने आणि पावसाने पसरते. नोंद फार मोठी असण्याची गरज नाही. उदाहरणार्थ :

‘सोमवार. गाडी सहाला आली, पांढरी, क्रमांक लिहून घेतला. आम्ही १४ जण. गोदामात पोती उतरवली. साडेसहा ते साडेचार, मध्ये अर्धा तास सुट्टी. ठरला पूर्ण रोज, दिला अर्धा. बाकी शनिवारी देतो म्हणाला.’

एवढ्या सात-आठ वाक्यांत कामाची जागा, तास, साक्षीदार, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि देण्याचे वचन हे सगळे आले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी त्याच संध्याकाळी सोबत्याकडून लिहून घ्यावे किंवा फोनवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवावे. त्या दिवशीच केलेल्या नोंदीला जे वजन असते, ते महिन्याभराने आठवून लिहिलेल्या नोंदीला राहत नाही, कारण सुनावणीत समोरचा पहिला प्रश्न ‘हे कधी लिहिले?’ हाच विचारतो.

वहीइतकाच उपयोगी पडणारा आणखी एक साधा उपाय आहे. काम संपल्यावर त्याच संध्याकाळी काम देणाऱ्याच्या फोनवर सभ्य भाषेत संदेश पाठवावा : ‘आज आम्ही चौघांनी तुमच्याकडे नऊ तास काम केले. ठरल्याप्रमाणे निम्मी रक्कम मिळाली, निम्मी बाकी आहे. कधी येऊ?’ यावर ‘उद्या बघू’ एवढे उत्तर आले तरी काम झाले होते, रक्कम ठरली होती आणि बाकी आहे, या तिन्ही गोष्टी त्याने जवळजवळ मान्य केलेल्या असतात. भांडणाच्या भाषेतला संदेश मात्र पाठवू नये; त्याला उत्तर येत नाही, आणि पुढे तोच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो.

कोणाशी, केव्हा बोलावे

नाक्यावर बोलण्याची योग्य वेळ पहाटेची नसते. पहाटे प्रत्येकाचे डोळे रस्त्यावर असतात आणि बोलणारा माणूस अडथळाच वाटतो. गाड्या येणे थांबल्यावर, उन्हे वर आल्यावर जे उरतात त्यांच्याशी बोलावे. त्यांना वेळ असतो. शिवाय निवडीची पद्धत बदलावी असे सर्वांत आधी त्यांनाच वाटत असते, कारण वय झाले म्हणून, अंगकाठी बारीक म्हणून, बाई म्हणून किंवा भाषा येत नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा मागे राहतात. एजन्सीच्या कामगारांच्या बाबतीत हीच जागा बसची रांग किंवा पगाराच्या दिवशीची रांग असते.

बोलताना आपण कमी बोलून समोरच्याला जास्त बोलू द्यावे. शेवटचे पैसे कोणी बुडवले, कधी दुखापत झाली, कोणत्या कामाला पुन्हा जाणार नाही, हे विचारावे. पंधरा-वीस जणांशी असे बोलणे झाले की एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते : नाक्यावर दोन-तीन माणसे अशी असतात, की बाकीचे कोणतीही अडचण आली तर त्यांच्याकडेच जातात. ती मोठ्या आवाजात बोलणारी नसतात. उसने पैसे देणारी, दवाखान्यात सोबत जाणारी, गावाकडे निरोप पोचवणारी असतात. संघटना त्यांच्याभोवती उभी राहते. ती तयार नसतील तर थांबावे, कारण त्यांना वगळून केलेली समिती नाक्यावर टिकत नाही.

नाक्यावर निरनिराळ्या भाषांचे गट असतील तर प्रत्येक गटातून एक तरी माणूस अगदी आरंभापासून सोबत असावा. मालक एका गटाचा दर दुसऱ्या गटाकडून पाडून घेतो, ही जुनी रीत आहे. नंतर आलेल्या गटाला ‘दर पाडणारे’ असे नाव ठेवणे सोपे असते. पण ते दर का पाडतात हे विचारले तर बहुधा असे निघते, की इथला चालू दर त्यांना कोणी सांगितलेलाच नव्हता.

पहिला लढा बुडवलेल्या मजुरीचा

पहिली मागणी अशी निवडावी की ती स्पष्ट असेल, लहान असेल आणि काही आठवड्यांत निकालात निघेल. केलेल्या कामाचे न मिळालेले पैसे ही तशी मागणी आहे, कारण तिच्यात वाद तत्त्वाचा नसून हिशेबाचा असतो. मजुरी नियमित आणि पूर्ण मिळावी हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे) १९४९ च्या वेतन संरक्षण कराराचा, म्हणजे ९५ क्रमांकाच्या कराराचा विषय आहे, आणि मजुरी बुडवणे बहुतेक देशांच्या कायद्यात दंडनीय आहे.

आलेल्या सगळ्या तक्रारी एकदम हाती घेऊ नयेत. ज्यात तीन-चार जणांचे पैसे एकाच माणसाकडे अडकले आहेत, वह्यांत नोंदी आहेत आणि त्या माणसाचा किंवा त्याच्या वरच्या मालकाचा पत्ता ठाऊक आहे, असे एक प्रकरण निवडावे. मग हिशेब मांडावा : तारखा, तास, ठरलेला रोज, मिळालेले पैसे, बाकी. जादा तासांचा दर कायद्याने वेगळा असेल तर तो स्वतंत्र ओळीत दाखवावा. उचल घेतली असेल तर ती स्वतःहून वजा करून दाखवावी. लपवलेली उचल समोरच्याने बाहेर काढली की पुढच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर एक पानाचे पत्र द्यावे, त्यात रक्कम आणि सात किंवा दहा दिवसांची मुदत लिहावी आणि पत्र पोचल्याची सही किंवा पावती घ्यावी. भेटायला जाताना सहा-सात जणांनी जावे, पण बोलणारे दोघेच असावेत आणि कोण काय बोलणार हे आधी ठरलेले असावे. मी ज्या भेटींत सोबत गेलो, त्यांतल्या पहिल्याच भेटीत आम्ही सगळे एकदम बोललो. ठेकेदाराने शांतपणे सर्वांत चिडलेल्या माणसाशी वाद सुरू केला आणि अर्ध्या तासाने आम्ही रक्कम न सांगताच बाहेर आलो. पुढच्या वेळी हिशेबाचा कागद टेबलावर ठेवला आणि एकानेच तो वाचला. त्या दिवशी दोन तृतीयांश रक्कम मिळाली.

मुदत टळली तर साखळीतल्या वरच्या माणसाकडे जावे. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालक जबाबदार ठरतो, अशी तरतूद अनेक देशांच्या कायद्यांत आहे. ती आपल्याकडे आहे का, हे कामगार खात्यात किंवा मोफत कायदेसाहाय्य केंद्रात विचारावे. तक्रार करण्याची कालमर्यादा किती, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण ‘देतो, देतो’ म्हणत ती मुदत उलटून जाऊ देणे ही पैसे बुडवणाऱ्यांची ठरलेली युक्ती असते. एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी : अर्धी रक्कम देताना ‘सर्व हिशेब चुकता’ असे लिहिलेल्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला जातो. पैसे घ्यावेत, पण त्या ओळीच्या जागी ‘इतकी रक्कम मिळाली, इतकी बाकी’ असे लिहूनच सही करावी.

किमान दर ठरवणे

एखादे प्रकरण जिंकले की नाक्यावर लोक आपणहून जवळ येतात, आणि ‘अमुक रोजाखाली कोणी जायचे नाही’ हा विषय तेव्हाच निघतो. तो त्याआधी काढू नये.

दर ठरवताना कायद्याने ठरलेले किमान वेतन हा तळ असतो, छत नव्हे. त्याखालचा दर ठरवण्याचा तर प्रश्नच येत नाही. त्याच्या वर किती जायचे हे ठरवताना मागील एक-दोन महिन्यांच्या वह्या उघडाव्यात आणि प्रत्यक्षात कोणत्या कामाला किती मिळाले ते पाहावे. बहुतेकांना चांगल्या दिवशी जो दर मिळतो, तो किमान दर म्हणून निवडला तर तो टिकतो. एकदम दुप्पट मागितलेला दर घोषणेत शोभतो, पण तिसऱ्या दिवशी फुटतो, आणि एकदा फुटलेला दर पुन्हा बांधायला नव्याने बांधण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. ओझे वाहणे, रंगकाम, खोदकाम आणि उंचीवरचे काम यांचे दर वेगळे असावेत. रोज म्हणजे किती तास, हे दराबरोबरच ठरवावे. तास ठरवले नाहीत तर दर वाढतो आणि दिवसही तेवढाच लांबतो.

तासांचा हा मुद्दा जुना आहे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदीतील रोजंदारी कामगारांनी संप केला, तेव्हा तासाला ६ पेन्स ही त्यांची मागणी सर्वांच्या तोंडी झाली. पण त्याच मागणीपत्रात दुसरीही एक ओळ होती, की एकदा कामावर घेतले की किमान चार तासांचे काम द्यावे. तोवर माणसाला तासाभरासाठी घेऊन परत पाठवता येत असे, म्हणजे दर कितीही असला तरी दिवसाची कमाई अनिश्चितच राहत असे. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स यांच्या पुढाकाराने चाललेला तो संप सुमारे पाच आठवड्यांनी यशस्वी झाला. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी आणि इतर हितचिंतकांनी ३० हजार पौंडांहून अधिक मदत पाठवली होती. ज्यांच्या घरात एका दिवसाचे धान्यही शिल्लक नसते असे लोक पाच आठवडे कसे टिकले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या मदतीत आहे. म्हणून आपल्याकडे निधी किती आहे हे पाहिल्याशिवाय लांबचा संप पुकारू नये.

ठरलेला दर कोणी मोडला तर त्याला मारहाण, दमदाटी किंवा बहिष्कार करू नये. असे झाले की प्रकरण पोलिसांकडे जाते आणि मालकाला न मागता मदत मिळते. त्या माणसाला दुपारी भेटावे आणि कारण विचारावे. घरात आजारपण असेल तर निधीतून मदत करावी. माहिती नसेल तर माहिती द्यावी. कामाच्या मंदीच्या काळात दर टिकवणे अवघड असते, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले बरे. त्या काळात दर खाली आणण्यापेक्षा असलेले काम अर्ध्या-अर्ध्या दिवसांत वाटून घेण्याची सवय लावावी.

पाळी : सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची पायरी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी थांबली की कोणी जायचे?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत १९३४ पर्यंत मुकादम पहाटे धक्क्यावर जमलेल्या गर्दीतून बोट दाखवून माणसे निवडत असे, आणि त्याची मर्जी राखण्यासाठी कामगारांना लाच द्यावी लागे. त्या वर्षी ९ मे रोजी सुरू झालेला संप ८३ दिवस चालला आणि ५ जुलै रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. ऑक्टोबरमध्ये लवादाचा निवाडा आला. त्यानुसार कामवाटपाची सभागृहे मालक आणि संघटना यांनी मिळून चालवायची आणि काम वाटणारा माणूस संघटनेने निवडायचा असे ठरले. पुढे तेथे ज्याचे भरलेले तास सर्वांत कमी, त्याला पहिले काम, ही पद्धत रूढ झाली. मजुरीतील वाढीपेक्षा हा बदल मोठा होता असे मला वाटते, कारण त्यानंतर बोट दाखवणाऱ्या माणसाला घाबरण्याचे कारणच उरले नाही.

महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, तोही याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडतो. मालक आणि कामगार दोघांचीही या कायद्याखालील मंडळाकडे नोंदणी होते. मंडळावर शासन, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असतात. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही, म्हणजे मजुरीवर आकारलेली जादा रक्कम, मंडळाकडे भरतो आणि कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी इत्यादी लाभ मंडळाकडून मिळतात. मालक रोज बदलला तरी कामगाराचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो, हे या रचनेचे खरे वैशिष्ट्य आहे. ब्रिटनमध्ये १९४७ ते १९८९ या काळात चाललेल्या गोदी कामगार योजनेत हजर राहूनही काम न मिळालेल्या नोंदणीकृत कामगाराला हजेरीचे पैसे मिळत.

नव्या नाक्यावर अर्थातच सभागृह नसते आणि कायदाही नसतो. तेथे एका फळ्यापासून सुरुवात करावी. पहाटे येणाऱ्याने नाव लिहायचे आणि गाडी आली की क्रमाने जायचे, ही सर्वांत सोपी रीत आहे. पण तिच्यात एक दोष आहे. जवळ राहणारा माणूस मध्यरात्रीच येऊन नाव लिहितो आणि लांबून येणारा कायम मागे पडतो. म्हणून अमेरिकेतील काही कामगार केंद्रांत ठरलेल्या वेळेपर्यंत आलेल्या सर्वांच्या चिठ्ठ्या टाकतात. दुसरा मार्ग म्हणजे या आठवड्यात ज्याचे सर्वांत कमी दिवस भरले त्याचे नाव वर ठेवणे. ही पद्धत सर्वांत न्याय्य आहे, मात्र तिच्यासाठी रोजच्या नोंदी चोख हव्यात.

पाळी लावताना चार गोष्टींचा निकाल आधीच लावून ठेवावा. काम देणाऱ्याला विशिष्ट कारागीरच हवा असेल, तर कारागिरांची यादी वेगळी असावी. एखाद्याला त्याच्या कायमच्या ग्राहकाने नावानिशी बोलावले, तर ते काम त्याचेच राहावे, पण तो दिवस त्याच्या नावावर भरला गेला असे धरावे. पाळी आल्यावर काम नाकारले तर नाव शेवटी जावे. मात्र धोकादायक काम किंवा पूर्वी पैसे बुडवलेला मालक नाकारला तर नाव जागेवरच राहावे. आणि यादी लिहिणारा माणूस दर महिन्याला बदलावा. संघटनेच्या नावाखाली जुन्या मुकादमाच्या जागी नवा मुकादम बसल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि त्याची सुरुवात नेहमी ‘यादी याच्याकडेच राहू द्या, याला सवय आहे’ या वाक्याने होते.

काम देणारा हे का मान्य करील? सुरुवातीला काही जण करणार नाहीत आणि दुसऱ्या नाक्यावर जातील. पण ज्याला उद्याही माणसे लागणार आहेत, त्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने, कामाची माहिती असलेली माणसे हवी असतात. हत्यार हरवले, काम अर्धवट राहिले तर विचारायला एक ठिकाण आहे, हेही त्याला सोयीचे असते. हा फायदा त्याला स्पष्ट शब्दांत सांगावा.

एजन्सीमार्फत जाणाऱ्यांसाठी

एजन्सीच्या कामात निवडीचा अधिकार कार्यालयातील पडद्याआड असतो, त्यामुळे तेथे कागदांवर भर द्यावा लागतो. कामाला पाठवण्यापूर्वी ठिकाण, कामाचे स्वरूप, तास, दर आणि लागणारी सुरक्षेची साधने लिहिलेली चिठ्ठी मागावी. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या रोजंदारी कामगारांविषयीच्या कायद्यात अशी लेखी माहिती देणे एजन्सीवर बंधनकारक आहे. कामगाराला पाठवूनही काम दिले नाही, तर किमान चार तासांचे पैसे देणेही बंधनकारक आहे. १८८९ मध्ये लंडनच्या गोदीत मागितलेले तेच चार तास येथे पुन्हा भेटतात.

काम मिळवून देण्यासाठी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचे सर्वसाधारण तत्त्व आहे. म्हणून पगारपत्रकातील प्रत्येक कपात वेगळी वाचावी : बसचे भाडे, हातमोजे, ओळखपत्र, नोंदणी. एकेकट्याची कपात किरकोळ दिसते. तीस जणांच्या पगारपत्रकांतील एकाच ओळीची महिन्याची बेरीज करून ती भिंतीवर लावली, की तिच्यावर सगळे बोलू लागतात. त्याच खात्यात तेच काम करणाऱ्या कायम कामगाराला किती मिळते, हेही शोधावे. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात एजन्सीच्या कामगारांना मूलभूत अटींबाबत समान वागणूक देण्याचे तत्त्व आहे. जेथे तसा कायदा नाही, तेथे कायम कामगारांच्या संघटनेशी बोलणे हाच मार्ग उरतो. त्यांना सहानुभूतीचे आवाहन करण्याऐवजी त्यांच्या फायद्याची गोष्ट सांगावी : स्वस्त माणूस शेजारी उभा असेपर्यंत त्यांचीही वाढ अडकून राहणार.

जोखमीची कामे

सुरक्षिततेच्या मागण्या कमी लिहाव्यात, पण कामावर चढण्याआधीच कराव्यात. पिण्याचे पाणी, शौचालय, उंचीवर पट्टा, खोदकामात कडेला आधार, आणि दुखापत झाल्यास दवाखान्याचा खर्च कोण करणार याचे उत्तर, एवढे पुरेसे आहे. सुरक्षित व आरोग्यदायी कामाचे वातावरण हे २०२२ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मूलभूत तत्त्वांत गणले जाते. अपघात झालाच, तर पहिल्या तासात तीन गोष्टी कराव्यात : जखमीसोबत आपला एक माणूस पाठवावा, जागेची छायाचित्रे घ्यावीत आणि दवाखान्याच्या कागदावर ‘कामाच्या ठिकाणी दुखापत’ असे लिहवून घ्यावे. ‘घरी पडला’ असे लिहिण्याचा आग्रह कंत्राटदाराचा माणूस तेथेच धरतो, आणि तो शब्द नंतर खोडता येत नाही.

सूड, कायदा आणि नोंदणी

रोजंदारी कामगाराला कामावरून काढावे लागतच नाही. त्याला फक्त दुसऱ्या दिवशी घेतले जात नाही. त्यामुळे पुढाकार घेणाऱ्यांना वगळले जात आहे हे सिद्ध करणे कठीण असते. पुढाकार घेण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत किती दिवस काम मिळाले आणि नंतरच्या दोन महिन्यांत किती, हे वहीतून दाखवता आले तर मात्र तक्रारीला आधार मिळतो. मागणीपत्रावर दोन-तीन नावे न लिहिता सर्वांच्या सह्या वर्तुळात घ्याव्यात, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळत नाही.

संघटना करण्याचे स्वातंत्र्य आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क १९४९ च्या ९८ क्रमांकाच्या कराराने मान्य केला आहे. परंतु भारतासह काही देशांनी हे करार स्वीकारलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आधार आपल्या देशाच्या कायद्यातच शोधावा लागतो. नोंदणीसाठी किमान सदस्य किती लागतात, रोजंदारी कामगार ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का, आणि परप्रांतीय किंवा परदेशी कामगाराला सदस्य होता येते का, हे प्रश्न वकिलाला विचारावेत. ज्यांना कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटले जाते त्यांनी विशेष जपावे, कारण काही देशांत स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर ठरवणे स्पर्धाविषयक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. मालक-कामगार नाते कागदावरच्या नावावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरवावे, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ ची १९८ क्रमांकाची शिफारस आहे. तिचा दाखला येथे उपयोगी पडतो.

नाक्यावर उभे राहण्यालाच बंदी झाली तर गोंधळून जाऊ नये. कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच शहराने रस्त्यावर काम मागण्यास मनाई करणारा नियम केला होता. रोजंदारी कामगारांच्या समितीने त्याला आव्हान दिले आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून रद्द ठरवला. अर्थात न्यायालयात जाण्याआधी शेजारच्या दुकानदारांशी आणि रहिवाशांशी बोलणे, रस्ता मोकळा ठेवणे आणि कचरा आवरणे यांनी निम्म्या तक्रारी मिटतात.

वर्गणी आणि पहिला करार

वर्गणी थोडी असावी, आठवड्याची असावी आणि ज्या आठवड्यात काम मिळाले नाही त्या आठवड्याची माफ असावी. पैसे एकाकडे, हिशेबाची वही दुसऱ्याकडे आणि बँकेतून काढण्यासाठी दोघांच्या सह्या, एवढी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. महिन्यातून एकदा हिशेब नाक्यावर मोठ्याने वाचावा, कोणी ऐको न ऐको.

एखादा ठेकेदार किंवा एजन्सी लेखी करार करायला तयार झाली, तर तो सही करण्यापूर्वी सर्वांच्या भाषांत वाचून दाखवावा. त्यात दर, तास, पैसे देण्याचा दिवस, बोलावून काम न दिल्यास मिळणारी रक्कम, दुखापतीचा खर्च, यादीतील क्रम पाळण्याचे मान्य केलेले कलम आणि कराराची मुदत एवढे तरी असावे. प्रत्येक टोळीकडे एक प्रत द्यावी. मग पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच जणांच्या वह्या कराराशी ताडून पाहाव्यात. यादी डावलून एखादा माणूस नेला गेला, किंवा पैसे शनिवारऐवजी सोमवारी मिळाले, तर ते कितीही किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी लेखी कळवावे आणि उत्तराची प्रत कराराला जोडून ठेवावी, म्हणजे मुदत संपून पुढच्या वाटाघाटीला बसताना काय मोडले आणि किती वेळा मोडले याचा कागद टेबलावर तयार असेल.